घरघंटीवाल्याची वेबसाइट

मी अनंत परबांची वेबसाइट बोलतेय. या, बसा. माझ्याकडे खुर्ची नाही हो, पण जन्म दुकानदाराकडे झालाय. आलेल्याला ‘बसा’ म्हटल्याशिवाय पुढचं सुचत नाही.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शेठचा गाळा होता. तिथे ते घरघंट्या दुरुस्त करायचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की शेठ मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकायचे आणि गल्ल्याशेजारच्या कॉम्प्युटरवर एका बोटाने मला घडवायचे. महिनाभर लागला. ‘आमच्याकडे घरघंटी दुरुस्त होते’ हे माझं पहिलं वाक्य.

मग त्यांनी एक सवय लावून घेतली. गिऱ्हाईक जे विचारेल ते संध्याकाळी माझ्यात लिहायचं. पीठ गरम का येतं? नाचणी दळताना मशीन का घुटमळतं? खाली उत्तर: ‘आधी जाळी काढून ब्रशने साफ करा. तेवढ्याने भागलं तर मला बोलावू नका.’

प्रेमावहिनी डबा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी हे वाचलं. “अहो, सगळं फुकट सांगितलंत तर येणार कोण?”

“ज्याला जमत नाही तो येतोच. आणि ज्याला जमतं तो नाव लक्षात ठेवतो.”

झालं तसंच. कांदिवली-बोरिवलीत कुणी घरघंटीचं दुखणं शोधलं की मी पहिल्या तिनांत. कुणाला एक पैसा न देता! बायका फोन करून सांगायच्या, “तुमचं वाचून जाळी साफ केली, पण आता पट्टा तुटलाय. या.” शेठकडे सोळा वर्षं काम करणारा कारागीर रतन पिशवी उचलून निघायचा.

मग समोरच्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट निघालं. पत्रे लागले, रस्ता वळला, गाळा दिसेनासा झाला. येता-जाता डोकावणारं गिऱ्हाईक संपलं. राहिले फक्त माझ्याकडून येणारे फोन. त्यातच एक मोठी सर्व्हिसवाली कंपनी शोधात माझ्या वर येऊन बसली. गाळ्याचा करार नोव्हेंबरअखेर संपत होता. महिन्याला पन्नास कामं मिळाली तर करार वाढवायचा, नाहीतर गाळा सोडायचा. गाळा गेला की रतनची नोकरीही गेली. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघं त्यावर बोलत नसत.

अंधेरीहून सुयोग नावाचा मुलगा आला. जाहिराती लावून देणारा. बोलायला गोड, पण खोटा नाही. “काका, असं लिहीत बसून वर जायला सहा महिने लागतील. पैसे भरा, उद्या सकाळी सगळ्यात वर.” जाहिरातीवर कुणी बोट टेकवलं की पैसे कापले जातात, दिवसाची रक्कम संपली की जाहिरात दिसायची थांबते, हेही त्याने नीट सांगितलं. पण तेव्हा शेठ चहावाल्याला ‘एक कटिंग अजून’ अशी खूण करत होते. कानात शिरलं ते एवढंच: सगळ्यात वर.

दुसऱ्या दिवशी उदबत्ती लावून शेठनी मोबाइल काढला, स्वतःचीच जाहिरात शोधली आणि भक्तिभावाने दाबली. बोहनी! समाधान झालं नाही म्हणून ‘परब परिवार’ ग्रुपवर लिहिलं, “रोज सकाळी आपल्या जाहिरातीवर एकदा दाबा. लाइक वाढले की फोटो वर जातो ना, तसंच.”

दहिसर, नालासोपारा, भांडुप. त्रेचाळीस परब. कोकणातली माणसं आपल्या माणसासाठी जीव टाकतात हो! सकाळी सातपासून माझ्याकडे रीघ. यायचे, दोन सेकंद थांबायचे, जायचे. लग्नात पाकीट देऊन न जेवता निघणाऱ्या पाहुण्यांसारखे. साडेनऊला दिवसाचे पैसे संपायचे. आणि बाईला घरघंटी अडल्याचं कळतं साडेदहा-अकराला, पोरं शाळेत गेल्यावर. तोवर जाहिरात गुल.

मला सगळं दिसत होतं. तोंड नव्हतं. वर शेठनी लिहिणंही सोडलं. “आता पैसे भरतोय ना, लिहायचं कशाला?” मी घसरत दुसऱ्या पानावर गेले.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शांताबाई आल्या. नाचणीचं पीठ विकून घर चालवणाऱ्या, शेठच्या जुन्या गिऱ्हाईक.

“अनंता, मेल्या, आहेस होय तू? सुनेनं फोनमध्ये किती शोधलं तुला! मला वाटलं, बंद केलंस दुकान. त्या कंपनीवाल्याला बोलावलं शेवटी.”

“काय बोलता मावशी! पहिला आहे मी.” शेठनी आपला मोबाइल पुढे केला. खरंच, मी पहिली. शेठ रोज मलाच उघडतात, हे त्यांचा मोबाइल शिकला होता.

शांताबाईंनी स्वतःचा मोबाइल त्याशेजारी ठेवला. रतनने त्यावर तेच शब्द टाकले. खाली, खाली सरकवत गेला. मी नव्हते.

शेठनी सुयोगला फोन लावला. तो म्हणाला, “काका, मीच करणार होतो. रोज साडेनऊला पैसे संपतात. एवढे लोक दाबतात, पण फोन एकही नाही. कोण दाबतंय हे?”

तेवढ्यात ग्रुपवर सिद्धेश परबचा मेसेज वाजला. “दादा, आज उशीर झाला, पण दाबलंय हां.”

शेठनी मेसेज वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला. रतनने मान खाली घालून पट्ट्यांची पेटी आवरायला घेतली. शेठ म्हणाले, “रतन, मीच रे. मीच वाट लावली.”

“शेठ, तुम्ही काय मुद्दाम केलंत का?” रतन म्हणाला. पण आवरायचा थांबला नाही.

एकोणीस कामं झाली त्या महिन्यात. गाळा गेला. रतन आता त्याच कंपनीत आहे. प्रेमावहिनींनी जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग रिकामा करून दिला, तिथे कॉम्प्युटर आहे, पट्टे आहेत, मी आहे. चार दिवस शेठ मला उघडायचे आणि गाळ्याच्या पत्त्याकडे बघून बंद करायचे. काल त्यांनी तो खोडला. नवा काय लिहावा, सुचेना. बऱ्याच वेळाने एका बोटाने टाइप केलं, ‘दुकान नाही. मीच तुमच्या घरी येतो.’ मग त्याखाली शांताबाईंनी विचारलेला एक प्रश्न लिहिला, आणि त्याचं उत्तर.

असं लिहीत लिहीत वर यायला मला महिने लागतील, सुयोगचा हिशेब खरा आहे. म्हणून हात जोडून एकच सांगणं. प्रेमापोटी उगाच दाबू नका. घरघंटी अडली तर मात्र पहिल्या पानावर थांबू नका. थोडं खाली या. मी तिथेच आहे, आणि शेठ फोन उचलतात.