कोवळ्या शिंगाचं दीड सेंटिमीटर

उजाडायच्या आधीच गावच्या सभागृहापुढे बायकांची रांग लागली होती आणि प्रत्येकीच्या पाठीवर एकेक पोर बांधलेलं. पाच वर्षांची चिमुरडी होती, तसे अकरा वर्षांचे घोडेही होते. चॉनसाहेबांचा नियमच होता : अंथरुणातून थेट पाठीवर, पाठीवरून थेट मापपट्टीवर. पोराचा पाय जमिनीला लागला की शिंगाची शक्ती मातीत गेलीच!

गांगवान प्रांताच्या डोंगरातल्या त्या गावात काढा विकणारा हा चॉन महिन्यापूर्वी उतरला होता. हरणाच्या कोवळ्या, लवदार शिंगाचा काढा तिथं पणज्यांच्या काळापासून चालत आलेला. पण उंचीचा पुरावा हातात देणारा हा पहिलाच.

"माउल्यांनो, हरणाच्या शिंगाइतकं झपाट्यानं वाढणारं हाड जगात दाखवा! ते पोटात गेलं की पोर वाढणारच. साधा हिशेब!"

याच हिशेबानं बांबूचे कोंब खाणारं ते अख्खं गाव एव्हाना छपराला टेकायला हवं होतं. पण हे कुणाला सुचलं नाही.

टोफू विकणाऱ्या बोकसुननं आपल्या नऊ वर्षांच्या दालरेला पट्टीला टेकवून उभं केलं. दालरे वर्गात सगळ्यांत बुटकी. तिच्या काढ्यासाठी बोकसुननं लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला रीतीप्रमाणे भेट आलेल्या सोन्याच्या अंगठ्या विकल्या होत्या.

"पंधरा दिवसांत दीड सेंटिमीटर!" चॉन ओरडला. बायकांनी टाळ्या पिटल्या. बोकसुनच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच दुपारी ती शाळेतल्या आरोग्यशिक्षिका नामबाईंकडे मिरवत गेली. नामबाईंनी दालरेला मापलं, जुनं कार्ड काढलं आणि पुन्हा मापलं.

"दालरेची आई, ही वाढलेली नाही. चौदा महिन्यांत अर्धा सेंटिमीटर, बस्स."

"तुमची पट्टी चुकली असेल!" बोकसुन उसळली. "स्वतःला मूल नाही, म्हणून दुसऱ्याचं वाढलेलं बघवत नाही का हो?"

नामबाईंनी ते गिळलं. "गेल्या वर्षीची विजार अजून येते ना तिला? वर्गात झोपते. उन्हाळ्यात स्वेटर घालते. हात बघा, कसे गार आहेत."

बोकसुनची नजर लेकीच्या पायांकडे गेली. त्या विजारीची दुमड उसवायची वेळ आलीच नव्हती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आठवड्यानं शहरातल्या डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल पुढ्यात ठेवला. "गळ्यातली थायरॉइड ग्रंथी नीट काम करत नाही. रोज एक गोळी घ्यायची. वाढ सुरू होईल. पण गेलेल्या दिवसांतलं किती भरून निघेल, ते आज सांगता येत नाही. आधी का नाही आलात?"

"काढा चालू होता," बोकसुन पुटपुटली. "वाढतेय असं वाटलं."

परतीच्या बसमध्ये लेक खांद्यावर झोपली आणि ती वाटभर स्वतःला दोष देत राहिली. गावात उतरली ती थेट नामबाईंकडे. "मग ते दीड सेंटिमीटर आलं कुठून, बाई?"

"पहिलं माप कधी घेतलं होतं त्यानं?"

"संध्याकाळी. रक्त मोकळं व्हावं म्हणून पोरांना आधी टेकडीवर पळवलं होतं."

नामबाई कडवट हसल्या. "तुमचे यजमान उद्या मोकळे आहेत का?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोकसुनचा नवरा छांगगू दिवसभर सोयाबीनची पोती वाहून सभागृहात गेला. "साहेब, माझंही माप घ्या की!" चॉननं हसत हसत घेतलं, भिंतीवर खूणही केली.

आणि पहाटे रांगेतल्या बायका बघतच राहिल्या. बोकसुन नवऱ्याला पाठुंगळी घेऊन धापा टाकत येत होती.

"अगं, टाक त्याला खाली!"

"छे! शक्ती मातीत जाईल ना!"

हशा पिकला. तिनं नवऱ्याला पट्टीला टेकवून उभं केलं. डोकं कालच्या खुणेच्या दीड सेंटिमीटर वर गेलं.

हशा एकदम थांबला.

"हे एकेचाळीस वर्षांचे आहेत," बोकसुन म्हणाली, "आणि यांनी काढ्याचा वासही घेतलेला नाही. बोला, साहेब!"

"कुणाकुणाला हवेतूनच..." चॉन अडखळला.

"हवा नव्हे, झोप," मागून नामबाई म्हणाल्या. "मणक्यांच्या मधल्या गाद्या दिवसभर उभं राहून, पळून दबतात आणि रात्री आडवं पडलं की फुगतात. म्हणून सकाळी आपण सगळेच थोडे उंच असतो. अंथरुणातून उठून चाललं की ती उंची पुन्हा ओसरायला लागते. जमिनीला पाय लागू द्यायचा नव्हता, तो यासाठी. शिंग हरणाच्या शरीरात वाढतं. आपल्या पोटात गेलं की त्याचं नुसतं अन्न होतं."

चॉन पेट्या आवरू लागला. रांगेतली एक बाई मात्र त्याच्याकडे झुकून हळूच विचारत होती, "पण माझ्याला थोडा तरी गुण येईल ना हो?"

बोकसुननं तिचा दंड धरला.

"बाई गं, पोराचं माप घे. दर तीन महिन्यांनी, एकाच पट्टीवर, एकाच वेळी. आणि ते सरकलं नाही, तर डॉक्टरकडे जा. मी दुसऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर विश्वास ठेवला आणि माझ्या लेकीचे दिवस गेले. ते मला कुणी परत देणार नाही."