नाडीची लाट

वेल्ह्याच्या रतनबाई गेली वीस वर्षं तोरण्याच्या वाटेवर ताक विकत होत्या. यंदा मात्र निम्म्या चढावरच धाप लागू लागली, तशी थोरल्या बहिणीला, अंबूबाईंना, सोबत घेऊन त्या नसरापूरच्या एका दवाखान्यात आल्या.

डॉक्टर अश्विनीनं यंत्रावर रतनबाईंचं हृदय पाहिलं. मग दंडाला आणि घोट्याला पट्टे बांधून नाडीची लाट किती वेगानं धावते तेही मोजलं.

"मावशी, तुमची लाट फार वेगानं पळते."

"मग बरंच हाय की."

"इथं वेग बरा नाही," अश्विनी म्हणाली. "रक्तवाहिनी मऊ असली की दर ठोक्याला जराशी फुगते, लाट सावकाश जाते. तुमच्या ताठरल्यात. लाट झपाट्यानं जाते आणि लवकर माघारी येते. हृदय अजून रक्त ढकलतच असतं, तोवर ती उलटी येऊन त्याला अडवते. जोर लावून लावून हृदयाची भिंत जाड झालीय. ते आवळतं नीट, पण सैल पडायला वेळ लावतं. म्हणून चढावर धाप."

रतनबाईंनी स्वतःचं मनगट धरलं. बराच वेळ बोटं तिथंच ठेवून बसल्या. लाट काही वेगळी लागेना.

"आक्काची मोजता का? ती माज्यापेक्षा सहा वर्सानं मोठी हाय."

अंबूबाई नको नको म्हणत पलंगावर आडव्या झाल्या. त्यांची लाट धाकटीपेक्षा सावकाश निघाली.

रतनबाई चक्रावल्या. "एकाच चुलीवरचं खाऊन वाढलो आमी. मग हिची कशी मऊ?"

"सगळं कारण मलाही सांगता येणार नाही," अश्विनी म्हणाली. "पण रक्तदाबाची गोळी कोण घेतं?"

"मी धा वर्सं घेतीया, एक दिस चुकवली न्हाई," अंबूबाई म्हणाल्या.

रतनबाईंनाही गोळी दिली होती, चार वर्षांपूर्वी. काही दुखत नाही म्हणून महिन्याभरात त्यांनीच ती बंद केली होती.

त्या दिवसापासून गोळी सुरू झाली. मीठ कमी करायचं म्हणून लोणचं ताटातून गेलं. ताकाचा हंडा त्यांनी पायथ्याशीच मांडला आणि सकाळी मोकळ्या हातानं थोडं चालू लागल्या.

चार महिन्यांनी रक्तदाब उतरला होता. लाटही किंचित मंदावली होती. हृदयाची भिंत मात्र तेवढीच जाड.

"तिला वेळ लागेल," अश्विनी म्हणाली.

"लागू द्या," रतनबाई म्हणाल्या, आणि पुढची तारीख त्यांनी स्वतःच विचारून घेतली.