गोळी गोड लागली त्या आठवड्याची गोष्ट

"सहदेवच्या डबीतल्या गोळ्या काढून पेपरमिट घालायच्या. हाय दम?" मोरूच्या दोस्तानं, गजानं इचारलं, आन् मोरू "हाय" म्हणून बसला.

ती डबी मी. मी मूळची तंबाखूची, खालापूरच्या बाजारातली. मोरूचा बाप गेला, मग त्याच्या आईनं, सोनुबाईनं, मला राखेनं घासघासून वास घालवला आन् माझ्यात थोरल्याच्या, सहदेवच्या गोळ्या ठेवल्या.

सहदेवच्या कानात माणसं बोलायची. त्याला भेव दाखवायची. मग तो कोयता घेऊन अंगणात उभा राहायचा. ठाण्याच्या डाक्टरनं गोळ्या दिल्या, तशी ती माणसं गप झाली. सहदेव परत शेतावर जायला लागला, बैलं धुवायला लागला. फकस्त चालायचा कासवावानी. गजा-मोरूला त्याचंच हसू.

पेपरमिट माझ्यात पडल्या तवा मीपण खुळखुळ हसले. खोटं कशाला बोलू.

पैल्याच दिवशी सहदेव म्हणाला, "आये, गोळी गोड लागतेय."

"बरं झालं की रं. गीळ."

दुसऱ्या दिवशी त्यानं शेजारच्या ठकीला सांगितलं. ती म्हणाली, "येड्याला समदं गोडच." मोरू सगळ्यात जोरात हसला. मला एवढं मोठं तोंड, पण मी झाकण लावून बसले. तुमी नका बसू. कुणी गोळी गोड हाय म्हणालं, तर एकदा जिभेला लावून बघा.

आठवडाभरात कानातली माणसं परत आली. सहदेव झोपेना, जेवेना. सोनुबाईनं गोळी पुढं केली तर वरडला, "ही माझी गोळी नाय. तू मला मारतेस." हात असा झटकला की म्हातारी जात्यावर पडली, मनगट मोडलं. मी गडगडत चुलीपाशी गेले. कडेचा हा पोचा तवाचा.

लोकांनी सहदेवला गोठ्यात दाव्यानं बांधला. गावातले पोशाकाका म्हणाले, "गोळी खाऊनपण मारतो. आता ह्याला कायमचा ठाण्याच्या येड्यांच्या दवाखान्यात टाका." टेंपो सांगितला.

टेंपो दारात आला तवा मोरूनं मला उचलली.

"आये, ह्याच्यात पेपरमिट हायत. मी घातल्या. खऱ्या गोळ्या कौलाखाली हायत."

सोनुबाईनं माझ्यातली एक गोळी जिभेला लावली. गोठ्यातून सहदेवनं इचारलं, "मंग मी सांगत व्हतो ते खरं व्हतं?"

"खरं व्हतं, दादा," मोरू म्हणाला, आन् दावं सोडायला खाली बसला. गाठ काय त्याला सुटंना.