प्लास्टिकखालचा श्वास

मित्रांनो, मी ऑक्सिजनची एक जुनी मशीन आहे. खोलीतली हवा ओढायची आणि तिच्यातला ऑक्सिजन नळीने माणसाच्या नाकात सोडायचा, एवढंच मला येतं. नवी असताना एका दवाखान्याने मला दोन वर्षं कोठीत कोंडलं, कारण कागदावर सही कोणी करायची ते ठरेना. बाहेर माणसं धापा टाकत होती. साहेब लोकांना लाज वाटली नाही.

मला बाहेर काढलं नमिताने. ती पेणची नर्स. बरे न होणाऱ्या रुग्णांकडे स्कूटीवरून घरी जाते. तिने मला जोहे या मूर्तिकारांच्या गावी पुंडलिकदादांकडे नेलं. तीस वर्षं प्लास्टरचे गणपती घासून दादांच्या फुप्फुसांत पांढरी पूड बसली होती. देवाचा गाल गुळगुळीत हवा. मूर्तिकाराच्या छातीची चौकशी कोण करतो? दादांचं एकच मागणं होतं, "शेवटी मला घरातच जाऊ द्या, हॉस्पिटलात नको."

त्यांची बायको धोंडुबाई मला फार जपायची. शेजारच्या शेडमध्ये घासकाम सुरू झालं, तशी तिने मला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, तयार मूर्ती गुंडाळतात तसं. माझा जीव कोंडला. मी तापले, ओरडले, बंद पडले. दादांची नखं निळी झाली. मुलगा प्रवीण हॉस्पिटलसाठी गाडी बोलवायला निघाला, पण दादा त्याचा हात सोडेनात.

धोंडुबाईने फोन लावला. पलीकडून नमिता म्हणाली, "मावशी, आधी प्लास्टिक काढ. छोटा सिलिंडर लाव, दाखवला होता तसा. मी हमरापूरला पोचलेय, आलेच."

ती आली तोवर दादांना सिलिंडर लागला होता.

"मशीनला गणपती समजलीस काय गो मावशी?"

"धूल बसंल म्हणून झाकली. माजंच चुकलं."

दादा धापा टाकत म्हणाले, "मला पन... चालीस वर्सं... अशीच जपते."

धोंडुबाई रडता रडता हसली. अर्ध्या तासाने मी गार झाले, पुन्हा सुरू झाले. गाडी बोलवावी लागली नाही.

दादा अडीच महिन्यांनी गेले, आपल्याच खाटेवर. नमिताच्या औषधाने धाप शांत होती. उशाशी धोंडुबाई होती. माझ्या वाट्याला हे आलं, याबद्दल मी त्या दोघींची ऋणी आहे.

तेराव्यानंतर धोंडुबाईनेच नमिताला विचारलं, "तू सांगत व्हतीस ती रोह्याची शकू, मशीन नाय म्हनून अजून हॉस्पिटलातच हाय ना? ही मशीन ने तिच्या घरी."

आता मी रोह्यात आहे. मित्रांनो, माझी हवा गाळणारी जाळी धुवा, मला मोकळी हवा द्या. आणि तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी वापराविना पडून असेल, तर तिला कपाटात जपू नका. शकूताई काल घरी आल्या. अजून पुष्कळ जण घरी यायचे आहेत.