बंडखोरांचा गणवेश

तहसीनच्या फूफीचं म्हणणं असं, की गिटार वाजवणारी मुलगी नमाजाला उभी राहते ती निव्वळ दाखवायला. अभिराजचं म्हणणं असं, की डोक्यावर ओढणी घेणारी मुलगी मेटल वाजवते ती निव्वळ हौस म्हणून. या दोघांची कधी गाठ पडली असती तर छान मेतकूट जमलं असतं, असं तहसीनला वाटे.

अभिराज हा ‘रक्तकल्लोळ’ या बँडचा गायक आणि स्वयंघोषित सेनापती. दर रविवारी पीण्याच्या कारखान्यांच्या वस्तीत, त्याच्या मामाच्या लेथच्या बंद शेडमध्ये, तालीम चाले. बंडखोरांचे नियम मोठे कडक होते. शर्ट काळा, पँट काळी, बूट काळे, केस खांद्याखाली, आणि हसायचं नाही. एकदा ड्रमवाला कार्तिक निळा शर्ट घालून आला, तर अभिराजने त्याची अशी हजेरी घेतली की तहसीनला शिवाजीनगरच्या मदरशातल्या आपल्या उस्तानी प्रेमळ वाटायला लागल्या.

तिचा स्वतःचा पोशाख तिने अब्बांच्या शिलाईच्या दुकानात बसून शिवला होता. पायघोळ काळा अबाया, बाह्यांवर पितळी रिबिटांच्या रांगा, वर काळी ओढणी. काळं नेलपॉलिश तिला फार आवडे, पण त्याखाली पाणी पोचत नाही, नमाजाआधीचा वजू होत नाही. मग ती नखांवर मेंदीचे थर चढवी, पार काळपट होईपर्यंत. या जुळवाजुळवीची तिला लाज नव्हती. वाजवणं अल्लाला रुचतं की नाही, हा प्रश्न मात्र तिला कधीकधी पडे. पण ती तिची आणि अल्लाची आपसातली बाब होती. त्यात अभिराजला कुणी बोलावलं नव्हतं.

त्या रविवारी लेथमागे पुठ्ठा अंथरून असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची, नमाज पढून ती आली, तेव्हा सेनापतींनी बेत जाहीर केला. शनिवारी मल्लेश्वरमच्या कार्यक्रमात शेवटच्या गाण्याला तहसीनने ओढणी काढून लोकांत भिरकावायची. व्हिडिओ काढायला माणूसही सांगून ठेवला होता.

“आणि नाही भिरकावली तर?”

“तर शनिवारी बेस गिटार दुसरा कुणी वाजवेल,” अभिराज म्हणाला. “मेटल म्हणजे स्वातंत्र्य, तहसीन. कुणाला भिऊन जगायचं नाही.”

या बँडशिवाय तिला वाजवायला दुसरी जागा नव्हती, आणि हे त्या शहाण्याला पक्कं ठाऊक होतं. याच्यासमोर रडायचं नाही, एवढं ठरवून ती गिटार खोळीत भरू लागली.

तेवढ्यात बाहेर ऑटो थांबला. “अण्णा, स्वल्प पुढे घ्या,” असा निम्म्या कानडीतला खणखणीत आवाज आला. अभिराजच्या आई, सकवारबाई, लेकासाठी डबा घेऊन आल्या होत्या.

सेनापतींचं तोंड पांढरंफटक पडलं. नाकातली रिंग खिशात गेली. केसांना रबर लागलं. पण मानेवर कालच गोंदवून घेतलेली कवटी काही खिशात जाईना.

“आई मला घरात घेणार नाही,” तो कुजबुजला. “तहसीन, तुझ्याकडे एखादी जादा ओढणी आहे का गं?”

कार्तिक नियम मोडून फिसकन हसला.

तहसीनने पिशवीतून ओढणी काढली, पण हातातच ठेवली. “शनिवारी बेस कोण वाजवणार?”

“तूच. ओढणी घेऊन, तुला हवं तसं वाजव. सरी? ठीक ना? आता दे लवकर!”

तिने ओढणी त्याच्या मानेभोवती नीट लपेटली आणि दोन टाचण्या लावल्या. तो लहान मुलासारखा हनुवटी वर करून उभा राहिला.

“अगोबाई, गळा धरला का रे?” सकवारबाई आत येत म्हणाल्या.

“हो, स्वल्प,” कुणालाही न भिणारा अभिराज पुटपुटला.

सकवारबाईंनी तहसीनच्या पाठीवरून हात फिरवला. “बरं केलंस बाई बांधलंस ते. हा मेला कुणाचं ऐकत नाही.”

“ऐकतो हो,” तहसीन म्हणाली आणि गिटार पुन्हा खोळीतून बाहेर काढली.