दोन भावांचं वाक्य
नेरच्या एका अंगणवाडीत सत्यभामाबाई एकोणीस वर्षं मदतनीस होत्या. सेविका व्हायचं तर बारावी पास लागते, आणि त्या लग्नाआधी बारावीला इंग्रजीत नापास झाल्या होत्या. यंदा त्यांनी बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला आणि वैष्णवीकडे शिकवणी लावली. वैष्णवी चोवीस वर्षांची, इंग्रजीत एम.ए. झालेली. दुपारी अंगणवाडी सुटली की सत्यभामाबाई वही घेऊन तिच्या ओसरीवर येत.

काळ, वचन, प्रश्न वगैरे भराभर झालं. अडलं ते दोन वाक्यं जोडताना.

त्यांनी लिहिलं होतं, 'द वुमन हू कुक्स खिचडी शी इज माय फ्रेंड.' वैष्णवीनं 'शी'वर रेघ मारली.

"काहून खोडलं?"

"मावशी, मराठीत 'जी' म्हटलं की पुढं 'ती' येतेच. जी बाई खिचडी करते, ती माही मैत्रीण. इंग्रजीत एकट्या 'हू'नं काम भागते. तिथं 'ती'ले जागा नाई."

"अर्धवट वाटते."

"आपल्याले वाटते. त्यायले नाई."

पुढच्या वाक्यात म्हशीला 'हू' लावलेला होता. जनावराला 'विच' लागतं, असं वैष्णवीनं सांगितलं. "आमची म्हैस माणसापेक्षा समजदार हाय," असं पुटपुटत सत्यभामाबाईंनी 'विच' केलं.

तिसऱ्या आठवड्यात घरच्या माणसांवर पाच वाक्यं लिहून आणायची होती. त्यातलं एक होतं, 'माय ब्रदर हू ड्राइव्हज अ बस लिव्हज इन कळंब.' हा भाऊ म्हणजे धम्मरत्न. तो वैष्णवीला माहीत होता. तिनं पेन्सिलीनं 'ब्रदर'च्या आणि 'बस'च्या पुढे एकेक स्वल्पविराम दिला.

"हे कायले?"

"हे दिले तर अर्थ असा, की तुमाले भाऊ एकच, आन् तो बस चालवते हे जाता जाता सांगतलं. नाई दिले, तर भाऊ जास्त हायेत, आन् त्यातला बस चालवते तो कळंबले राह्यते. तुमाले एकच भाऊ ना?"

सत्यभामाबाईंनी वही ओढून घेतली, खोडरबर शोधला आणि दोन्ही स्वल्पविराम पुसून टाकले.

"दोन हायेत," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. धाकटा अश्वजित तेव्हा सुरतेला कापडाच्या गिरणीत होता. वडील गेले तेव्हा तो चौथ्या दिवशी पोचला. दारात सगळे नातेवाईक बसलेले. सत्यभामाबाई त्याला म्हणाल्या, "मले एकच भाऊ हाय, आन् तो घरातच हाय." खांद्यावरची बॅग खाली न ठेवता अश्वजित परत फिरला. त्याला निरोपच उशिरा मिळाला होता, हे महिन्याभरानं कळलं. आधी त्यांना राग होता, मग लाज. यात अकरा वर्षं गेली. आता तो बोरी अरबला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, एवढं धम्मरत्नकडून ऐकलं होतं.

वैष्णवी म्हणाली, "त्यायच्यावर बी एक वाक्य लिहा."

'माय ब्रदर हू' इथपर्यंत लिहून सत्यभामाबाईंची पेन्सिल थांबली. त्याच्या दुकानाचं नाव, बायकोचा स्वभाव, पोरंबाळं, काहीच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी पान तसंच राहिलं.

रविवारी दारव्ह्याला बस बदलून त्या बोरी अरबला गेल्या. अश्वजित दुकानात खाली बसून मोटारीवर तांब्याची तार गुंडाळत होता. कानशिलाशी केस पांढरे झाले होते. त्यानं वर पाहिलं.

"ताई?"

"त्या दिवशी मी चुकीचं बोलली," सत्यभामाबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. "तुले निरोप उशिरा भेटला, हे मले मागून समजलं."

"मंग आली काहून नाई?"

"लाज वाटे."

त्याच्या हातातली तार सैल पडली. ती त्यानं पुन्हा ताणून घेतली, वेढे पुरे केले, गाठ मारली. त्याला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ त्या उभ्या राहिल्या. मग त्यानं घराकडे तोंड करून बायकोला हाक दिली, "उर्वशी, ताई आली. चहा ठेव."

चहाबरोबर सात वर्षांची एक मुलगी बाहेर आली आणि पाहुणीकडे टक लावून बघत राहिली. "मैत्रेयी," अश्वजित म्हणाला, "हे तुही आत्या." निघताना सत्यभामाबाईंनी सगळ्यांना नेरला बोलावलं. तो "पाहू" म्हणाला. हो म्हणाला नाही. पण बसपर्यंत सोडायला आला.

फेब्रुवारीत परीक्षा झाली. 'हू' आणि 'विच'ची वाक्यं त्यांनी न अडखळता जोडली. मे महिन्यात निकाल लागला, इंग्रजीत सत्तेचाळीस. पहिला फोन त्यांनी वैष्णवीला केला, दुसरा धम्मरत्नला, तिसरा बोरी अरबला.

चार दिवसांनी अश्वजित मोटरसायकलवरून दारात उतरला. मागे मैत्रेयी होती, मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन.

"पोरगी आत्याकडं आठ दिवस राह्यतो म्हणते," तो म्हणाला. "ठेवशीन?"

"उन्हात कायले उभा हायेस," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली.