सुईची हाक

"सुई गेली पुढं पुढं, दोरा राहिला गं मागं
हाक घाली सुईबाई, दोऱ्या, येतोस ना, सांग"

इस्त्रीच्या वाफेतून आईचा आवाज यायचा आणि शिलाई मशीनमागून बाबा ओरडायचे, "आलो, आलो!" मी चिंध्यांच्या ढिगात लोळत हसायचे. आमचं शिंप्याचं दुकान असं जागं व्हायचं.

मी मोठी झाले तरी आई गायचीच. बाबा मान डोलवायचे, "वा!" म्हणायचे. पण "आलो" म्हणेनासे झाले. गिऱ्हाईक सैल शिवायला सांगून जायचं आणि कपडा घट्ट निघायचा.

आमच्या आरोग्य विम्याची रीत ठरलेली. आधी नेहमीच्या डॉक्टरीणबाई, त्यांची चिठ्ठी, मग कानाचे तज्ज्ञ. कानाचं यंत्रही विम्यात बसणार होतं, तपासणीत दोष दिसला तरच. दिसलाच नाही! कान ठणठणीत, असा अहवाल आला.

"उगाच म्हातारा ठरवत होतात मला," बाबा मिशीत हसले.

डॉक्टरीणबाईंनी मात्र कपाळाला हात लावला. "अहो, मी पाठीमागून घसा फोडला तरी यांनी ओ दिली नाही. तपासणी पुन्हा होऊ दे. विमावाल्यांशी मी बोलते."

म्हणून या खेपेला आईबरोबर मीही गेले. काचेच्या खोलीत बाबा, कानांवर हेडफोन, हातात बटण. काचेबाहेर तपासणाऱ्या ताई कळा दाबत होत्या. आवाज आला की बाबांनी बटण दाबायचं, एवढंच काम. पण बाबांची नजर ताईंच्या कोपरावर खिळलेली. बाहीचं माप घेतानाची ती नजर मी जन्मभर पाहिलेली. ताईंचा कोपर कणभर हलला, की बाबांचा अंगठा बटणावर!

"ताई," मी हळूच म्हटलं, "त्यांची खुर्ची जरा भिंतीकडे फिरवता?"

खुर्ची फिरली आणि बाबांचा अंगठा नुसताच बसून राहिला. बऱ्याच वेळानं कुठे एकदा हलला.

तज्ज्ञांनी निकाल पाहिला. "आता विमावाले नाही म्हणणार नाहीत. तुमचं यंत्र येईपर्यंत हे नमुन्याचं लावून बघा."

बाबा आमच्याकडे पाठ करून बसले होते. तज्ज्ञ त्यांच्या कानात यंत्र बसवत होते. आई बाबांच्या कोटाची घडी घालू लागली आणि कापड हाताला लागताच सवयीनं गुणगुणली, सुई गेली पुढं पुढं...

"आलो," बाबा म्हणाले. वळून न बघता. मग डोळे पुसू लागले.

आई कोट छातीशी धरून उभी राहिली. "अहो, परीक्षेत कॉपी करायचं वय आहे का हे? ऐकू येत नाही, असं सरळ सांगायचं की!"

"सांगितलं असतं तर तू गायची थांबली असतीस," बाबा म्हणाले. "कितीतरी दिवस तुझं गाणं ऐकूच आलं नाही गं मला. ओठ हलताना दिसले की वा म्हणायचो."